पाण्यावरच्या ट्रॅम्पोलिनची उठाठेव

त्या उन्हाळ्यात साहेब पलीकडच्या काठावर जळत होते, असं त्यांच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. साहेबांचं म्हणणं असं, की जळण्याचा प्रश्नच येत नाही. ते फक्त दुर्बिणीतून बघत होते. आता एखादा माणूस चहाचा कप गार होईपर्यंत, मग दुसरा कप गार होईपर्यंत, एकाच दिशेला दुर्बीण लावून बसला तर त्याला काय म्हणावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बावीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले काटे तपासले होते, आणि त्यामुळे शहरात त्यांना बघून दुकानदार आधी हसायचे आणि मग घाम पुसायचे. घरात मात्र त्यांना ‘साहेब’ म्हणायचं ते चिडवण्यासाठी. हे तळ्याकाठचं घर बायकोच्या मावशीकडून आलेलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दार लावताना जरा उचलून लावावं लागायचं, आणि पुढे पाण्यात गेलेला लाकडी धक्का. दर वर्षी महिनाभराची रजा टाकून सगळे इथं यायचे. तळ्यापर्यंत अजून मोबाईल पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. माणूस हरवला तर तो हाकेनंच सापडायचा.

गेल्या वर्षापर्यंत साहेबांची थोरली लेक सकाळी डोळे चोळत उठायची ती थेट धक्क्यावर. बापलेकीचा एक खेळ होता. ती पाण्यातून एक गोटा काढायची आणि विचारायची, “बाबा, हा किती?” साहेब तो तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, “एकशे चाळीस ग्रॅम.” मग दोघं पळत स्वयंपाकघरातल्या काट्याकडे. एकशे अडतीस भरला तर लेक साहेबांना दोन ग्रॅमसाठी दिवसभर सतावायची. एखाद्या दिवशी तंतोतंत जुळलं, की दोघंही इतका आरडाओरडा करायची की बायको म्हणायची, “अहो, दगडच आहे ना तो, सोनं आहे का?”

या वर्षी लेक तेरा वर्षांची झाली. आणि पलीकडच्या काठावरच्या मोठ्या घरात तिच्या वर्गातली मैत्रीण राहायला आली. त्या मैत्रिणीकडे पाण्यात तरंगणारं, हवा भरायचं, निळं गोल ट्रॅम्पोलिन होतं. झालं. सकाळी नाश्ता झाला की लेक तळ्याकाठच्या पायवाटेनं वीस मिनिटं चालत पलीकडे जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची, ती फक्त जेवायला.

एवढ्यावरही साहेबांनी काही म्हटलं नसतं. पण पहिल्याच आठवड्यात जरा गार वारा सुटला, म्हणून ते लेकीचा स्वेटर घेऊन पलीकडे गेले, आणि ती मैत्रीण आणि तिच्याकडे आलेल्या आणखी तीन मुलींच्या देखत, चांगल्या खणखणीत निरीक्षकी आवाजात विचारते झाले, “कान पुसलेस का गं नीट? मागच्या वेळी ठणका लागला होता.”

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती डोळे लाल करून.

“बाबा, तुम्ही तिकडे येऊ नका. प्लीज.”

“अगं, पण स्वेटर…”

“स्वेटर नको मला. काहीच नको. आणि तिथे मला हाक मारायची नाही. वचन द्या.”

साहेबांनी वचन दिलं. त्यांनी आयुष्यात वचनं फार कमी दिली होती आणि दिलेली सगळी पाळली होती. त्या दिवसापासून दुर्बीण सुरू झाली. आणि चौथ्या दिवशी, तिसरा कप गार होत असताना, साहेब बायकोला म्हणाले, “आपणही एक ट्रॅम्पोलिन घेतलं तर?”

“कशाला?”

“धाकटीला.”

धाकटी सहा वर्षांची होती आणि तिला पाण्यात गुडघ्याच्या वर जायची परवानगी नव्हती. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. बायका कधी कधी बोलत नाहीत, तेव्हा त्यांना सगळं समजलेलं असतं.

शहरातल्या खेळसामानाच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, “घरात मुलं किती?”

“दोन.”

“मग दहा फुटी पुष्कळ झालं.”

“पलीकडच्यांचं बारा फुटी आहे,” साहेब म्हणाले. हे त्यांनी दुर्बिणीतून, उड्या मारणाऱ्या लेकीच्या उंचीशी ताडून काढलेलं माप होतं. लेकीची उंची त्यांना पाव इंचापर्यंत पाठ होती.

“कुणाचं?”

“ते सोडा. पंधरा फुटी आहे?”

पंधरा फुटी एकच शिल्लक होतं. पिवळं. त्याच्या एका टोकाला बदकाचं डोकं होतं: दोन बशीएवढे डोळे आणि माणूस मागे लपेल एवढी थोरली केशरी चोच.

“डोकं काढता येतं,” दुकानदार घाईघाईनं म्हणाला. पुढे कळलं की येत नाही. डोक्यातली हवा आणि गादीतली हवा एकच होती. डोकं गेलं की सगळंच गेलं.

खोक्यावर लिहिलं होतं, वजन बावन्न किलो. साहेब म्हणाले, काट्यावर ठेवा. काटा आला. साहेबांनी आधी काट्याचा शिक्का बघितला. शिक्का गेल्या वर्षीचा, म्हणजे मुदत संपलेला होता. दुकानातली गिऱ्हाइकं हळूहळू मागे सरकली. बायकोनं साहेबांच्या बाहीला धरून ओढलं, “अहो, रजेवर आहात तुम्ही.” रजेवरच्या माणसानं दुकानदाराला कायद्याची तीन कलमं समजावून सांगितली, नवीन शिक्का कुठं मिळतो त्याचा पत्ता लिहून दिला, आणि मगच बदक गाडीच्या टपावर चढलं.

घरी पोचेपर्यंत शेजारचे दंतवैद्य वाट बघतच होते. हे डॉक्टर निवृत्त होऊन तळ्याकाठी राहायला आले होते. दात काढायची चाळीस वर्षांची सवय. समोरच्या माणसानं तोंड उघडलं की ते बोलू लागत, आणि ऐकणाऱ्याला काही उत्तर देता येत नाही अशीच त्यांची कायमची समजूत झालेली होती.

“चूक केलीत साहेब,” ते म्हणाले. “पिवळा रंग उन्हात विटतो. आणि हवा कशानं भरणार? पायाच्या पंपानं? पुढच्या उन्हाळ्यात होईल भरून. विजेच्या पंपानं? तुमच्या घराची तार सोसणार नाही.”

तारेचं त्यांनी म्हटलं ते खरं निघालं. विजेचा पंप लावला, त्यानं एक दीर्घ श्वास घेतला आणि घरातले दिवे, पंखा, फ्रिज सगळं एकदम गप्प झालं. मग डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातला, दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवणारा जुना कॉम्प्रेसर आणला, जो ते भावनेपोटी विकू शकले नव्हते. तो सुरू झाल्यावर असा आवाज निघाला, की धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती संध्याकाळपर्यंत झाकूनच हिंडली. तीन तासांत बदक अंगणात उभं राहिलं. त्याची मान पत्र्याच्या वर गेली. रस्त्यानं जाणारा पोस्टमन सायकलवरून उतरला, बघितलं, आणि काही न विचारता परत सायकलवर बसला.

आता ते पाण्यात न्यायचं, एवढंच राहिलं होतं. पण वाटेत सरपणाची खोली आणि भलं थोरलं झाड, आणि दोन्हींच्या मधे अंतर साडेनऊ फूट. ते साहेबांनी हवा भरण्याआधी मोजलं नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढली, त्याच्या हातून हे व्हावं! साहेबांनी ते साडेनऊ फूट टेपनं आणखी दोनदा मोजले. डॉक्टर म्हणाले, “मी म्हणणारच होतो.”

अर्धी हवा सोडून, बदकाला आजारी माणसासारखं दोन्ही बाजूंनी आधार देत, त्याला काठावर आणलं. तिथं त्याला परत फुगवलं. आणि तेवढ्यात डॉक्टरांना आठवलं, की तळ्यावर काहीही तरंगत ठेवायचं तर तलाव समितीची परवानगी लागते.

तलाव समितीचं कार्यालय म्हणजे एक खोली, एक टेबल, आणि टेबलामागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवलेल्या लेखनिकबाई. बाईंनी अर्ज वाचला.

“होडी की बांधकाम?”

“दोन्ही नाही. ट्रॅम्पोलिन आहे.”

“वल्ही आहेत?”

“नाहीत.”

“मग होडी नाही. पाया आहे?”

“नाही हो.”

“मग बांधकाम नाही. इतर.” बाईंनी दुसरं रजिस्टर उघडलं. “इतरमध्ये फक्त जनावरं येतात. म्हशी पोहायला आणतात, त्यांच्यासाठी आहे ते. फोटो आणलाय?”

साहेबांनी फोटो पुढे सरकवला. बाईंनी चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितलं.

“हे तर बदक आहे.”

“आकार तेवढा बदकाचा आहे.”

“हे बघा, मी जे दिसतं ते लिहिते. संख्या, एक. लस टोचली का, त्या रकान्यात रेघ मारते.” आणि मग, पान उलटता उलटता, बाई ते वाक्य बोलल्या, “एक कागद कमी आहे. उद्या या.”

साहेब तिथंच थिजले. हे वाक्य त्यांचं होतं. बावीस वर्षं ते त्यांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं, याच शांत आवाजात, याच पद्धतीनं, वर न बघता. टेबलाच्या या बाजूनं ते कसं ऐकू येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पायरीवर बसून त्यांनी बरोबर आलेल्या धाकटीला आईस्क्रीम घेऊन दिलं आणि स्वतःलाही घेतलं.

“बाबा, आपलं बदक खरं आहे का आता?” धाकटीनं विचारलं.

“सरकारदरबारी आहे,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. नंबर एकेचाळीस. तो काळ्या रंगानं हातभर मोठा लिहायचा, असा नियम. साहेबांनी पट्टी लावून लिहिला.

राहता राहिला नांगर. बदकाबरोबर आलेल्या पुस्तिकेत म्हटलं होतं, तळाशी किमान शंभर किलो वजन सोडावं. डॉक्टर म्हणाले, “त्यात काय? पोत्यात दगड भरा आणि सोडा.”

“किती वजनाचे?”

“अहो, दगडाला कोण वजन विचारतं!”

साहेब त्या दिवशी डॉक्टरांशी बोलले नाहीत. न तोललेला दगड ते दोरीला बांधूच शकत नव्हते; हात पुढे होईना. त्यांच्या शहरातल्या घरी, कॉटखाली, बिडाची वीस वीस किलोची पाच प्रमाणित वजनं होती. खात्यानं नवीन आणल्यावर जुनी मोडीत निघणार होती, ती साहेबांनी रीतसर अर्ज करून, प्रमाणपत्रासह मागून घेतलेली. पाच गुणिले वीस, शंभर. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. त्यांच्यासाठी साहेब सबंध दिवस खर्चून शहरात जाऊन आले. परत येताना गाडी मागच्या बाजूला अशी वाकली होती, की तिचे पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. डॉक्टरांच्या पायडल मारायच्या होडीतून एकेक वजन साखळीनं तळाशी गेलं. प्रत्येक वजन बुडताना साहेब क्षणभर थांबत होते. घरातलं माणूस गाडीत बसवून दिल्यावर आपण फलाटावर थांबतो, तसे.

आणि संध्याकाळी लेक आली.

साहेब धक्क्यावर उभे होते. सहज उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, तोही सहज. पाण्यावर पंधरा फुटांचं पिवळंधमक बदक डुलत होतं, त्याच्या कुशीवर हातभर मोठा एकेचाळीस.

लेक थांबली. तिनं बदकाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, परत बदकाकडे बघितलं.

“छान आहे, बाबा,” ती म्हणाली.

धाकटी भिंतीवर रेघोट्या मारते आणि त्याला घोडा म्हणते, तेव्हा घरातली मोठी माणसं जशी ‘छान आहे’ म्हणतात, अगदी तसं म्हणाली. मायेनं. त्या मायेनंच साहेबांचा घात केला. ती चिडली असती, हसली असती, तर चाललं असतं. जेवताना तिनं दोन वेळा विचारलंही, बाबा, फार त्रास झाला का हो आणायला? साहेब म्हणाले, छे छे, काही नाही, सहज.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलीकडे गेली. तिसऱ्या दिवशीही. धाकटी आईचं बोट धरून बदकावर दोनदा बसली आणि म्हणाली, हे हलतं. आठ दिवस बदक एकटं डुलत राहिलं. सकाळी साहेब त्याच्या चोचीवरचे पक्षी उडवत आणि घरात येत. दुर्बीण कपाटात गेली होती. बायको म्हणाली, “परत करू या का हो?” साहेब म्हणाले, “राहू दे. कुणाला नडतंय?”

नवव्या दिवशी, रविवारी, साहेबांना चहा पिता पिता वजनांची आठवण झाली. आठ दिवस पाण्यात. बिडाची. गंज चढला असणार. आणि वजन गंजलं की ते खरं राहत नाही, हे ज्यांनी बावीस वर्षं लोकांना सांगितलं, त्यांची स्वतःची पाच वजनं तळ्याच्या चिखलात! कप तसाच ठेवून ते उठले. होडीतून एकेक वजन त्यांनी वर ओढलं, धक्क्यावर वर्तमानपत्र अंथरून ओळीनं मांडलं, तारेच्या ब्रशनं घासलं, फडक्यानं पुसलं. आता उन्हात वाळली की तेलाचा हात, आणि परत पाण्यात. तोवर बदकाला धक्क्याच्या खांबाला बांधून ठेवायला दोरी हवी होती. साहेबांनी अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. “पाच मिनिटांत देतो,” असं त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगितलंही.

त्यांचं सगळं बरोबर होतं. फक्त वजनं वाळेपर्यंत त्यांना चोचीजवळून फुस्स असा बारीक आवाज ऐकू आला. म्हणून ते, नियमाप्रमाणे तरंगायचं जॅकेट घालून, टोपी नीट करून, तेलाची बाटली आणि फडकं घेऊन बदकावर चढले, आणि चोचीमागे पालथे पडून झडपेला कान लावून ऐकू लागले.

इकडे बायकोनं चार चादरी पिळून बादलीत ठेवल्या होत्या. पाच मिनिटांचा तास झालेला. ती धक्क्यावर आली. नवऱ्याचा पत्ता नाही, वजनं मात्र सत्कारमूर्तींसारखी ओळीनं बसलेली. “लोखंडाला ऊन दाखवतात आणि माझ्या चादरी ओल्या,” असं म्हणून तिनं खांबाची गाठ सोडली, बदकाच्या कडीतून दोरी ओढून घेतली आणि ती निघून गेली.

झडप घट्ट बसवून साहेबांनी डोकं वर काढलं तेव्हा धक्का बराच लहान झालेला होता. पाच वजनं दिसत होती, पाच काळ्या ठिपक्यांसारखी. वारा छान होता. त्याच्या मनात काय होतं हेही लगेच कळलं: पलीकडचा काठ.

साहेबांनी दोन्ही हातांनी पाणी मारलं. बदक पुढे गेलं नाही, मागे गेलं नाही, ते स्वतःभोवती फिरलं. मग साहेबांना आळीपाळीनं एकदा आपलं घर दिसे, एकदा पलीकडचं. घर, पलीकडचं, घर, पलीकडचं. दर फेरीला आपलं घर थोडं लांब आणि पलीकडचं थोडं जवळ. अंगणात चादरी फडकत होत्या. धाकटी काठावर उभी राहून हात हलवत होती, ती मागे वळून ओरडली, “आई, बाबा बदकावर बसून गेले!” आणि आत भांड्यांच्या आवाजातून उत्तर आलं, “बरं, येतील.”

जॅकेटला एक केशरी शिट्टी अडकवलेली होती. संकटात सापडल्यास तीन वेळा वाजवावी, असं खिशावरच छापलेलं. साहेब संकटात होते, यात शंका नव्हती. त्यांनी शिट्टी ओठाला लावली.

आणि तेवढ्यात पाण्यावरून पलीकडचं हसणं ऐकू आलं. पाच मुलींचं हसणं. त्यातलं एक त्यांना कुठंही ओळखू आलं असतं.

साहेबांनी शिट्टी ओठावरून काढली. आयुष्यभर त्यांनी छापील नियम मोडला नव्हता. लाल दिव्याला निर्मनुष्य रस्त्यावर दहा मिनिटं थांबलेला माणूस तो. आता शिट्टी वाजवली तर सगळ्या मुली बघणार. तिचे बाबा, टोपी घालून, बदकावर. स्वेटरच्या दिवशी होतं ते बरं, असं होणार. तिथं यायचं नाही, असं वचन होतं. वाऱ्यानं यायला लावलं त्याला इलाज नव्हता. पण निदान दिसायचं तरी नाही. साहेब चोचीमागे पालथे झाले, गाल रबराला टेकवला, पाय पोटाशी घेतले, आणि मनातल्या मनात वाऱ्याला विनंती केली, की बाबा रे, जरा डावीकडे ने. डावीकडे गवत होतं. गवतात अडकलं असतं बदक, तर ते संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहायला तयार होते.

वारा सरळच गेला.

“ए, ते बघा! बदक!”

“केवढं मोठ्ठं आहे गं!”

“नंबर पण आहे त्याला. एकेचाळीस. म्हणजे अजून चाळीस आहेत?”

“थांब, थांब. कोणीतरी झोपलंय त्याच्यावर.”

“मेलंय का गं?”

“टोपी दिसतेय बघ.”

मग एकदम शांत झालं. त्या शांततेत चार मुली कुजबुजत होत्या आणि एक गप्प होती. साहेबांना त्या गप्प राहण्याचं वजन लागलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

पाण्यात सूर मारल्याचा आवाज आला. मग हात मारण्याचा, जवळ जवळ येणारा. मग कडेवर दोन ओले पंजे.

“बाबा?”

“तू जा,” साहेब न हलता कुजबुजले. “मला ओळखत नाही म्हणून सांग. मी निघून जाईन गवताच्या बाजूनं.”

“कसे जाल? वल्ही आहेत का?”

“नाहीत. ही होडी नाही.”

लेकीला इतकं हसू आलं, की तिच्या हातातली कड सुटली आणि ती एक गटांगळी खाऊन परत वर आली. मग ती बदकावर चढली आणि बाबांच्या शेजारी उभी राहिली. काठावरून तिच्या मैत्रिणीनं ओरडून विचारलं, “कोण आहे गं?”

साहेबांनी श्वास रोखून धरला. उत्तराला फार वेळ लागला असं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं. लेक म्हणते, मुळीच नाही, लगेच म्हटलं मी.

“माझे बाबा!” लेक ओरडली. “या ना तुम्ही पण! तुमच्यापेक्षा मोठं आहे हे!”

“तीन फुटांनी,” साहेब पडल्या पडल्या म्हणाले.

चौघी पोहत आल्या. एकेक चढली तसं साहेबांना उठून बसावंच लागलं. पाच मुली उड्या मारत होत्या आणि मधोमध टोपी, जॅकेट, हातात तेलाची बाटली अशा अवस्थेत साहेब दर उडीला वीतभर वर जात होते आणि खाली येत होते. “एका वेळी… सहाच… क्षमता… सहा आहे,” असं ते वर-खाली होता होता सांगत होते. एकीनं विचारलं, “काका, तुम्ही काय करता?” साहेबांना धाप लागली होती. लेकीनंच सांगितलं, “ते वजनं खरी आहेत की खोटी ते बघतात. नुसतं हातात धरून पण सांगतात. अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाला येत नाही.”

हे तितकंसं खरं नव्हतं. खात्यात आणखी तिघांना यायचं. पण साहेबांनी ते दुरुस्त केलं नाही.

मग मुलींनी ठरवलं, बाबांना घरी पोचवायचं. पाचही जणींनी मागून कड धरून पाय मारले, बदक हललं आणि सरळ चालू लागलं. साहेब चोचीशी बसून दिशा सांगत होते. तळ्याच्या मध्यावर आले तेव्हा पलीकडून मैत्रिणीच्या आईची हाक आली, जेवायला चला. चौघी ‘अच्छा काका’ म्हणून माघारी पोहत गेल्या.

“तू पण जा,” साहेब म्हणाले. “वाट बघतील.”

“जाते की,” लेक म्हणाली, आणि वर चढून बसली.

वारा पडला होता. बदक तळ्याच्या मधोमध उभं होतं, दोन्ही काठांपासून सारखंच दूर. पुढच्या उन्हाळ्यात लेक आठच दिवस राहणार होती, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फक्त शनिवार-रविवार. मग शिक्षण, मग दुसरं शहर. हे दोघांनाही अजून माहीत नव्हतं. तिनं गुडघ्यांभोवती हात घातले.

“बाबा, एवढे लांब आलात, शिट्टी का नाही वाजवलीत?”

“ती… त्यात पाणी गेलं होतं. वाजत नव्हती.”

लेकीनं वाकून त्यांच्या जॅकेटवरची शिट्टी हातात घेतली. उलटी केली. एक थेंबही पडला नाही. मग ती तिनं ओठाला लावली आणि फुंकली.

शिट्टी अशी खणखणीत वाजली की गवतातले पक्षी उडाले. आपल्या काठावर चादरींमधून बायको धावत धक्क्यावर आली. डॉक्टर घरातून बाहेर पडले, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी तळ्याकडे बघितलं, आणि लगबगीनं आपली होडी पाण्यात ढकलली. ते तिथूनच काहीतरी समजावून सांगत होते, पण ऐकू येत नव्हतं.

लेक बाबांकडे बघत राहिली. साहेब आभाळाकडे बघत होते. आभाळात काहीही नव्हतं.

तिनं शिट्टी परत त्यांच्या जॅकेटला होती तशी अडकवली, त्यावर हलकेच एक थाप मारली, आणि त्यांच्या दंडाला पाठ टेकून, पाय पाण्यात सोडून बसली. तिच्या ओल्या केसांनी त्यांच्या शर्टाची बाही भिजली. साहेबांनी सवयीप्रमाणे अंदाज केला: अंतर साडेतीनशे मीटर, वारा नाही, माणूस सत्तरीचा. डॉक्टरांना पोचायला वीस मिनिटं लागणार. आणि त्या तळ्यावर आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की डॉक्टरांनी पायडल जरा सावकाश मारावं, वाटेत थांबावं, आणि कुणी भेटलंच तर त्याला चांगला तासभर सल्ला द्यावा.